नवमाता आणि किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य: जोखीम घटकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तातडीची गोष्ट आधी. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल, बाळाला मारून टाकण्याबद्दल बोलत असेल किंवा बाळंतपणानंतर अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागलं असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि लगेच जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. बाकीचं नंतर वाचता येईल.

जोखीम घटक म्हणजे आजाराचं कारण का?

नाही. एखादी गोष्ट असलेल्या लोकांमध्ये तो आजार इतरांपेक्षा जास्त आढळत असेल, तर तिला जोखीम घटक म्हणतात. समजा, एखाद्या आजाराचं प्रमाण शंभरात १० आहे आणि एका घटकामुळे जोखीम दुप्पट होते. म्हणजे तो घटक असलेल्या शंभर जणांपैकी २० जणांना आजार होईल आणि ८० जणांना होणार नाही. ‘दुप्पट’ ऐकून पोटात गोळा येतो, पण मूळ प्रमाण किती हे आधी विचारावं. उलट बाजूही खरी आहे. यादीतला एकही घटक नसताना, सगळं सुरळीत चाललेल्या घरातही नैराश्य येतं. म्हणून ‘तुला काय कमी आहे?’ या प्रश्नाने काहीच साधत नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही आणि ऐकणारी व्यक्ती पुन्हा तोंड उघडत नाही.

मग ही यादी हवी कशाला? कुणाकडे आधीपासून लक्ष ठेवायचं, कोणत्या दिवसांत मुद्दाम विचारपूस करायची आणि यातलं काय आपल्याला बदलता येईल, हे ठरवायला. पूर्वी होऊन गेलेलं नैराश्य किंवा कुटुंबातला आजार पुसता येत नाही. झोपेची वाट लागणं, एकटेपणा, घरातली मारहाण, रक्तक्षय, शाळेतला छळ यांवर मात्र काहीतरी करता येतं. हे घटक एकावर एक साचत जातात. त्यामुळे चारपैकी एक जरी हलका केला, तरी उरलेले तीन पेलणं सोपं जातं.

नवमाता आणि किशोरवयीन मुलं यांचा एकत्र विचार का?

दोन्ही टप्प्यांत शरीरातले हार्मोन्स, झोप आणि माणसाची घरातली-समाजातली भूमिका एकाच वेळी बदलते. दोन्हीकडे लक्षणांवर पांघरूण घालणारं एक वाक्य तयार असतं. एकीकडे ‘बाळंतपणात असं व्हायचंच’, दुसरीकडे ‘वयच तसं आहे’. त्या वाक्याखाली आजार महिनोन् महिने अंगावर काढला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि १३ टक्के नवमातांना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्य सर्वाधिक. विकसनशील देशांत हेच प्रमाण गरोदरपणात १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के आहे. १० ते १९ वयोगटात दर सात जणांमागे एकाला मानसिक आजार असतो. शिवाय हे दोन्ही गट एकत्र येतात तो तिसरा गट आहे, किशोरवयातच आई झालेल्या मुलींचा. त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

बाळंतपणानंतर रडू येतं. हे साधं कधी आणि आजार कधी?

दिवस मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू फुटणं, चिडचिड, एका क्षणी आनंद आणि दुसऱ्या क्षणी उदास वाटणं हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. यात स्त्री बाळाकडे बघून हसते, कुणी धीर दिला की तिला बरं वाटतं, संधी मिळाली की झोप लागते. याला औषध लागत नाही. विश्रांती आणि मदत लागते.

दोन आठवडे उलटूनही उदासी तशीच असेल किंवा वाढत असेल, कशातच रस वाटत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ हा विचार पाठ सोडत नसेल, बाळ झोपलेलं असूनही डोळ्याला डोळा लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते पहिल्या महिन्यातच सुरू होईल असं नाही. पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं, आणि बऱ्याच जणींमध्ये त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत सगळं ठीक होतं, एवढ्यावर विसंबून राहू नये.

नवमातांमधले सर्वांत वजनदार जोखीम घटक कोणते?

सर्वांत वर येतो तो पूर्वेतिहास: आयुष्यात आधी कधीही झालेलं नैराश्य, आणि त्याहून जास्त म्हणजे याच गरोदरपणातलं नैराश्य किंवा चिंता. गर्भवती स्त्रीची रक्तदाब, साखर आणि वजनाची नोंद दर भेटीत होते. ‘मन कसं आहे?’ हे मात्र विचारायचं राहून जातं, आणि सर्वांत उपयोगी माहिती तिथेच निसटते. आई किंवा बहिणीला बाळंतपणानंतर मानसिक आजार झाला होता का, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. घरात त्याला कुणी आजार म्हटलं नसेल, तर ‘बाळंतपणानंतर काही महिने ती विचित्र वागायची का, कुणाशी बोलायची नाही का?’ असं विचारलं की उत्तर मिळतं.

त्यानंतर येतात नात्यांमधले घटक. जोडीदाराकडून मारहाण, शिवीगाळ, पैशांवर किंवा फोनवर ताबा. जोडीदार शांत आहे पण मदत करत नाही, हाही घटकच. घर माणसांनी भरलेलं असूनही ज्याच्याजवळ मन मोकळं करता येईल असं एकही माणूस नसेल, तर ती स्त्री एकटीच आहे. आधार मोजायचा असेल तर ‘घरी किती माणसं आहेत?’ असं विचारू नका. ‘रात्री तीन वाजता बाळ रडत असेल आणि तुम्हाला उठवत नसेल, तर कोण उठेल?’ असं विचारा. हिंसेबद्दलचा प्रश्न ती एकटी असतानाच विचारायचा. सासरचं किंवा माहेरचं कुणी खोलीत असेल तर विचारूच नये. खरं उत्तर तर मिळत नाहीच, शिवाय घरी गेल्यावर त्याचा त्रास तिलाच होऊ शकतो.

बाळंतपणाशी संबंधित घटक लोकांना वाटतात त्यापेक्षा गुंतागुंतीचे आहेत. नियोजन नसताना राहिलेली गर्भधारणा, आधीचा गर्भपात किंवा मृत जन्म, मुदतीपूर्वी जन्मलेलं किंवा अतिदक्षता विभागात ठेवावं लागलेलं बाळ, जुळी मुलं, स्तनपानात येणाऱ्या अडचणी हे सगळे जोखीम वाढवतात. प्रसूती सिझेरियनने झाली की नैसर्गिक, यापेक्षा त्या वेळी तिला कसं वागवलं गेलं आणि जिवाची किती भीती वाटली, हे जास्त महत्त्वाचं. भयंकर वाटलेल्या प्रसूतीनंतर काही जणींना तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, रुग्णालयाच्या नुसत्या वासाने छाती धडधडते, पुढच्या गरोदरपणाची धास्ती बसते. हा आघातोत्तर तणाव विकार आहे. त्याचे उपचार नैराश्यापेक्षा वेगळे असल्याने तो वेगळा ओळखावा लागतो.

आर्थिक ओढाताण, नोकरी जाणं, घर बदलणं, जवळच्या माणसाचा मृत्यू हेही यात येतात. आणि एक घटक डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो: गर्भधारणा कळल्याबरोबर मानसिक आजाराची चालू गोळी परस्पर बंद करणं. बाळाच्या काळजीपोटी केलेली ही गोष्ट आजार उलटण्याचं मोठं कारण ठरते.

हे सगळं हार्मोन्समुळे होतं ना?

काही अंशी. वार बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने कोसळते. पण ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, नैराश्य प्रत्येकीला येत नाही. काही स्त्रियांचा मेंदू या बदलाला जास्त संवेदनशील असतो, असं आज मानलं जातं. म्हणूनच हार्मोनची पातळी मोजून नैराश्याचं निदान होत नाही आणि त्यासाठी चाचणी करून घेण्यात अर्थ नाही.

मग कोणत्या रक्ततपासण्या उपयोगी आहेत?

दोन तरी कराव्यात: हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच. प्रसूतीत बराच रक्तस्राव झाला असेल तर थकवा, धाप, चिडचिड आणि एकाग्रता न होणं यामागे रक्तक्षय असू शकतो. प्रसूतीनंतर थायरॉइडला सूज येण्याचं प्रमाणही साधारण ५ ते १० टक्के आहे. यात पहिल्या काही महिन्यांत ग्रंथी जास्त काम करते, त्यामुळे धडधड, घाम, अस्वस्थता होते आणि ते चिंताविकारासारखं दिसतं. साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात ती मंदावते, तेव्हा सुस्ती, उदासी, वजन वाढणं सुरू होतं आणि ते नैराश्यासारखं दिसतं. दोन टप्प्यांच्या मधोमध तपासणी केली तर अहवाल नॉर्मल येऊ शकतो. लक्षणं कायम असतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. अहवालात दोष सापडला तरी नैराश्य नाहीच असं समजू नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

झोपेचा एवढा मोठा वाटा आहे का? बाळ असताना झोप कशी मिळवायची?

मोठा आहे, आणि बदलता येण्याजोग्या घटकांमध्ये हा सर्वांत जवळचा आहे. एकूण तासांइतकंच सलग झोपेलाही महत्त्व आहे. दर तासाला मोडणारी आठ तासांची झोप आणि सलग झोप यांत फार फरक पडतो. त्यामुळे घरच्यांनी एकच उद्दिष्ट ठेवावं: आईला चोवीस तासांत एकदा तरी सलग चार ते पाच तास झोप.

ते असं साधता येतं. संध्याकाळी उशिराचं पाजणं झालं की आई वेगळ्या खोलीत किंवा कानात बोळे घालून झोपते. पुढची पाळी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची: लंगोट बदलणं, उचलून फिरवणं आणि आधी काढून ठेवलेलं दूध पाजणं. दूध काढणं जमत नसेल तर बाळाला फक्त पाजण्यापुरतं आईजवळ आणायचं आणि लगेच परत घ्यायचं. ढेकर काढणं, झोपवणं दुसऱ्याने करायचं. अगदी पहिल्या आठवड्यांत स्तनपान नुकतं बसत असतं, तेव्हा दोन पाजण्यांमध्ये मोठा खंड ठेवण्याआधी स्तनपानाच्या सल्लागाराशी बोलावं. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला बहुतेकदा फसतो, कारण तेवढ्या वेळात कपडे, स्वयंपाक आणि पाहुणे तिची वाट पाहत असतात. आधी ती कामं दुसऱ्याने उचलावीत, मग हा सल्ला द्यावा.

आणि संधी असूनही झोप येत नसेल, तर ते दमणूक नव्हे, लक्षण समजावं. बायपोलर आजाराचा (अति उत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) इतिहास असलेल्या स्त्रीच्या बाबतीत सलग एक-दोन रात्री झोप न होणं हीच धोक्याची घंटा असते.

बाळाला आपल्या हातून इजा होईल असे विचार येतात. मी धोकादायक आहे का?

बहुधा नाही. बाळ हातातून पडेल, पाण्यात बुडेल, सुरी लागेल अशी नको असलेली चित्रं मनात येणं नवमातांमध्ये अतिशय सामान्य आहे. हे विचार येतात तेव्हा आईच्या अंगावर काटा येतो, ती ते टाळायला धडपडते, सुरी लपवते, आंघोळ घालायला घाबरते. विचारांचा तिला तिटकारा वाटतो, हीच मुख्य खूण. ते दिवसाचे कित्येक तास खाऊ लागले, पुन्हा पुन्हा तपासण्याची किंवा बाळाला हात लावणं टाळण्याची सवय लागली, तर तो मंत्रचळेपणाचा विकार (ओसीडी) असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत.

सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं अशा आजारात, चित्र उलट असतं. तिथे तो विचार तिला खरा आणि योग्य वाटतो: बाळात काहीतरी शिरलं आहे, बाळाला वाचवायचं तर अमुक करावंच लागेल, कुणीतरी तसं सांगतं आहे. तिला त्याची लाज वाटत नाही, उलट ती तो ठामपणे मांडते. कधी मात्र लपवतेही. हा फरक ओळखता आला नाही, तर साधे नकोसे विचार सांगणाऱ्या आईपासून बाळ हिरावून घेतलं जातं आणि ती पुन्हा कुणाला काही सांगत नाही. शंका असेल तर निदान तज्ज्ञावर सोपवा, पण त्याच दिवशी.

प्रसूतीनंतरची सायकोसिस कुणाला होऊ शकते?

हजार प्रसूतींमागे साधारण एक ते दोन स्त्रियांना. सुरुवात बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत आणि अचानक होते: काल बरी होती, आज ओळखू येत नाही अशी. झोप नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही, बडबड, गोंधळ, भास, संशय, घटकेत हसणं घटकेत रडणं. मध्येच काही तास ती अगदी पूर्वीसारखी वागते. त्यामुळे घरचे निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो.

बायपोलर आजार असलेल्या स्त्रियांना मोठा धोका असतो, साधारण पाचात एक. आधीच्या बाळंतपणात सायकोसिस झाली असेल तर पुढच्या वेळी ती पुन्हा होण्याची शक्यता जवळपास तीनात एक ते दोनात एक इतकी असते. मात्र यातल्या अनेक जणींना पूर्वी कोणताही मानसिक आजार नसतो. म्हणून इतिहास कोरा असला तरी लक्षणं दिसली की रुग्णालय गाठायचं. तोवर आई आणि बाळ दोघांनाच एका खोलीत ठेवू नये, आणि तिच्या समजुतींवर वाद घालू नये. उपचारांनी बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

घरी किंवा दवाखान्यात नैराश्याची चाचपणी कशी करतात?

एडिनबरा प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. बाळंतपणात थकवा आणि झोपमोड प्रत्येकीलाच असते, म्हणून शारीरिक लक्षणं यात मुद्दाम कमी ठेवली आहेत. ही तिची खरी ताकद.

१३ किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. १० ते १२ असतील तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी १० हीच सीमा धरतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्यावर शून्य सोडून कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच भेटीत बोलायचं.

चुका ठरलेल्या असतात. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न वरून खाली ०, १, २, ३ असा मोजायचा आणि उरलेले उलटे, ३ पासून ०. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की निकालच फिरतो. दुसरी चूक म्हणजे नातेवाइकांसमोर प्रश्न मोठ्याने वाचून उत्तरं घेणं. आणि तिसरी, सर्वांत नुकसान करणारी चूक: गुण जास्त आल्यावर पुढे कुणाकडे पाठवायचं हे आधी ठरवलेलंच नसणं. ही चाचपणी आहे, निदान नव्हे. तज्ज्ञाने नैराश्याची गोळी देण्यापूर्वी ‘पूर्वी कधी कमी झोपूनही अंगात प्रचंड उत्साह संचारल्यासारखे दिवस आले होते का?’ हे विचारायलाच हवं, कारण बायपोलर आजारात नुसती नैराश्याची गोळी प्रकृती बिघडवू शकते.

वडिलांनाही नैराश्य येतं का?

हो, सुमारे दहात एकाला. आई नैराश्यात असेल तर जोडीदाराची जोखीम वाढते. पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडणं, घराबाहेर राहणं, दारू वाढणं अशा रूपात जास्त दिसतं. बाळाच्या तपासणीला वडील आले असतील तर त्यांनाही दोन प्रश्न विचारावेत.

किशोरवयात कोणते घटक जोखीम वाढवतात?

घरापासून सुरुवात करू. आई किंवा वडिलांना नैराश्य असेल तर मुलांमध्ये नैराश्याची जोखीम दोन ते तीन पट असते. त्यात अनुवंशाचा भाग आहे आणि घरातल्या वातावरणाचाही. यातून एक अतिशय उपयोगी गोष्ट निघते: पालकाचे उपचार हे मुलासाठीचे प्रतिबंधक उपाय ठरतात. लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातली हिंसा, पालकाचं व्यसन किंवा तुरुंगवास यांची संख्या जितकी वाढते, तितका पुढे मानसिक आजाराचा धोका चढत जातो. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांवरच्या मोठ्या अभ्यासाने हे पायरीपायरीचं नातं ठळकपणे दाखवलं.

शाळेत छळ सहन करणारी मुलं धोक्यात असतात हे सगळ्यांना माहीत आहे. छळ करणारीही असतात, आणि दोन्ही भूमिका करणारी सर्वांत जास्त. अध्ययन अक्षमता किंवा एकाग्रतेचा विकार वेळेत ओळखला नाही, तर ‘आळशी’, ‘मठ्ठ’ हे शिक्के बसतात आणि खचणं तिथून सुरू होतं. टाइप १ मधुमेह, फेफरं, दमा यांसारखा दीर्घ आजार, पालकाचा मृत्यू, स्थलांतर, लैंगिक ओळखीमुळे वाट्याला येणारी हेटाळणी हेही मोठे घटक आहेत. मुलींमध्ये वयात येणं बरोबरीच्या मैत्रिणींपेक्षा बरंच लवकर झालं, तर जोखीम वाढते. गांजाचं नियमित सेवन, त्यातही कमी वयात सुरू झालेलं, सायकोसिसचा धोका वाढवतं.

वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं. त्यानंतर मुलींमध्ये ते साधारण दुप्पट होतं. याचा अर्थ मुलगे सुरक्षित आहेत असा मात्र नाही. ते बोलत कमी आणि मदत मागायला येतात उशिरा.

‘वयच तसं आहे’ आणि आजार यांत फरक कसा करायचा?

तीन गोष्टी बघा. किती काळ: रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून अधिक. किती ठिकाणी: घरी धुमसणारा मुलगा मित्रांत खुलत असेल तर ते वेगळं, घर, शाळा, मैदान सगळीकडूनच अंग काढून घेत असेल तर ते वेगळं. आणि काय बंद पडलं: अभ्यास, खेळ, आंघोळ, जेवण, आवडती गोष्ट.

मोठ्या माणसांसारखी उदासी शोधू नका. या वयात नैराश्य अनेकदा चिडचिडीच्या रूपात दिसतं, आणि घरचे त्याला उद्धटपणा समजून शिक्षा करत राहतात. वारंवार पोटदुखी-डोकेदुखी, शाळा बुडवणं, गुण एकदम घसरणं, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, आवडत्या वस्तू वाटून टाकणं ही चिन्हं हलक्यात घेऊ नयेत. डॉक्टरांकडे गेल्यावर भेटीचा काही भाग मुलाशी एकट्याने व्हावा, असा आग्रह पालकांनीच धरावा. जिवाला धोका असेल तेवढंच पालकांना सांगितलं जाईल, हे मुलाला आधी स्पष्ट सांगितलं की ते बोलतं.

मोबाइलमुळे मुलं आजारी पडतात का?

एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येणार नाही. नुसत्या तासांपेक्षा त्या वेळात काय होतं आणि त्यामुळे काय बुडतं, हे जास्त कळीचं आहे. ऑनलाइन छळ, स्वतःला इजा करण्याबद्दलचा मजकूर, सतत दुसऱ्यांशी तुलना आणि मध्यरात्रीपर्यंत जागरण या चार गोष्टींची स्वतंत्र चौकशी करा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. त्यावर पहाटेची शिकवणी आली की तूट रोज साचते. रात्री फोन सगळ्यांचेच खोलीबाहेर, चार्जिंग एकाच ठिकाणी, आणि हा नियम पालकांनाही लागू. फोन हिसकावून घेतला तर मूल छळाबद्दल पुढच्या वेळी सांगणार नाही, हे लक्षात असू द्या.

आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात शिरेल का?

नाही. थेट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. हे नवमातांनाही लागू आहे. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतरच्या सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या मातामृत्यूंच्या प्रत्यक्ष कारणांत आत्महत्या सर्वांत वर आहे.

आडवळणाने विचारू नका. ‘तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर दडलेलं आहे. असं विचारा: ‘कधी कधी इतकं असह्य होतं की मरून जावंसं वाटतं. तुला तसं वाटतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढे: कसं करायचं ठरवलं आहे का, ती वस्तू जवळ आहे का, कधी, आणि पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. पूर्वीचा प्रयत्न किंवा स्वतःला केलेली इजा हा पुढच्या धोक्याचा सर्वांत भक्कम इशारा असतो. ठरवलेली पद्धत आणि वेळ असेल तर ती तातडीची स्थिती आहे.

धोका तातडीचा नसेल तेव्हाही त्याच दिवशी कीटकनाशकं, उरलेल्या गोळ्या, हत्यारं घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. औषधं एक-दोन दिवसांपुरतीच हाताशी ठेवा. असह्य लाट बहुतेकदा काही तासांत ओसरते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. मग समुपदेशकाबरोबर बसून कागदावर योजना लिहा: आपलं बिघडतंय हे कशावरून कळतं, स्वतः काय करायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, कोणता डॉक्टर आणि कोणती हेल्पलाइन. नंबर कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे. कुणालाही सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका.

किशोरवयात आई झालेल्या मुलींची जोखीम वेगळी असते का?

जास्त असते, कारण दोन्ही याद्या एकत्र येतात. शिक्षण सुटतं, मैत्रिणी तुटतात, पैशांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं, आणि बऱ्याचदा गर्भधारणा तिच्या इच्छेची नसते, कधी ती अत्याचारातून आलेली असते. अशा मुलीला विचारपूस करताना सगळे बाळाबद्दलच बोलतात. तिच्याशी एकटीने बोला, शाळेत किंवा शिक्षणात परतण्याचा मार्ग पहिल्याच महिन्यांत काढा, पुढच्या गर्भधारणेबद्दल तिची स्वतःची इच्छा विचारा आणि गर्भनिरोधनाची माहिती द्या. बाळाची काळजी कुटुंबाने पूर्णपणे हिरावून घेऊ नये आणि पूर्णपणे तिच्यावर टाकूही नये.

उपचार सुरक्षित आहेत का? स्तनपान चालू असताना गोळ्या घेता येतात?

सौम्य ते मध्यम आजारात संभाषणावर आधारित उपचार प्रथम द्यावेत. विचार-वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारे) आणि आंतरवैयक्तिक उपचार (नात्यांमधल्या अडचणींवर काम करणारे) हे दोन सर्वांत जास्त तपासले गेले आहेत. तज्ज्ञ नसले तरी वाट अडत नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून घरभेटींतून असे उपचार दिले. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के माता नैराश्यात होत्या, तुलनेच्या गटात ५३ टक्के. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली.

स्तनपानात सर्ट्रालिन हे बहुधा नैराश्यावरचं पहिल्या पसंतीचं औषध असतं, कारण दुधात ते फारच कमी उतरतं. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि सोडायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. बायपोलर आजारात आणि फेफऱ्यात दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट मात्र गर्भाला घातक आहे, त्यामुळे गर्भधारणा शक्य असलेल्या मुलींना आणि स्त्रियांना शक्यतो देत नाहीत.

किशोरवयीन मुलांच्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फ्लुओक्सेटिनला आठव्या वर्षापासून आणि एसिटालोप्रॅमला बाराव्या वर्षापासून मान्यता दिली आहे. २००४ मध्ये नैराश्याच्या औषधांवर मुलांमधल्या वापराबद्दल ठळक इशारा आला. चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात २ टक्के होतं, प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. पहिल्या प्रश्नातलं गणित इथे कामाला येतं: ‘दुप्पट’ हे खरं, पण शंभरात दोन जास्त. म्हणून गोळी टाळायची नाही, तर पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना दर आठवड्याला भेटायचं. अस्वस्थता, झोप उडणं, अचानक आक्रमकता दिसली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करायचा.

एकदा त्रास होऊन गेला आहे. पुढच्या गरोदरपणाची तयारी कशी करावी?

शक्य असेल तर गर्भधारणेआधीच मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. चालू औषधांपैकी काय ठेवायचं, काय बदलायचं हे तेव्हाच ठरतं. दिवस गेल्यावर घाईने ठरवलं तर गोष्टी बिघडतात. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत एक पान लिहून तयार ठेवा: मागच्या वेळी पहिलं लक्षण काय होतं, कोणत्या औषधाने फरक पडला, प्रसूतीनंतर ते कोणत्या दिवशी सुरू करायचं, पहिल्या दोन आठवड्यांत रात्रीची पाळी कुणाची, बिघडलं तर कोणत्या रुग्णालयात जायचं आणि मोठं मूल तेव्हा कुणाकडे राहील. त्याची एक प्रत प्रसूतीच्या फाइलमध्ये, एक जोडीदाराकडे. एडिनबरा प्रश्नावली गरोदरपणात दोनदा आणि बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटींना भरा. यातल्या काही भेटी लसीकरणाबरोबर जमवता येतात.